हिऱ्यांच्या गावात पिनेचा शोध

सुरतेत कतारगाम किंवा वराछाच्या एखाद्या गल्लीत दुपारच्या वेळी उभं राहिलं, तर वरच्या मजल्यांवरून घंट्यांची एकसुरी घरघर ऐकू येते. घंटी म्हणजे हिऱ्याला पैलू पाडायची फिरती थाळी. जगातल्या दर दहा पैलूदार हिऱ्यांपैकी नऊ या शहरातून जातात, असं इथल्या हिरा बाजारात अभिमानाने सांगतात. २०२३ च्या डिसेंबरात खजोदला डायमंड बोर्सची अवाढव्य इमारत उघडली, तेव्हापासून जरा जास्तच सांगतात. याच शहरात माझ्या रेकॉर्ड प्लेअरची पिन झिजली, तेव्हा बदली पिन मिळायला सात आठवडे लागले. ती आली जपानहून. आणि पिनेच्या टोकाला असतं काय? हिरा.

शेजारी एक रत्नकलाकार, म्हणजे हिरे घासणारे कारागीर, राहतात. त्यांनी आयग्लास डोळ्याला लावून ती पिन पाहिली आणि हसले. ‘अरे, आ तो धूळ छे!’ त्यांचं बरोबर होतं. साध्या गोल पिनेच्या टोकाची त्रिज्या १८ मायक्रोमीटरच्या आसपास असते, म्हणजे केसापेक्षाही बारीक काम. असली धूळ घासण्यात सुरतेला रस नाही. तो जपानमधल्या दोन-चार कारखान्यांना आहे, आणि जगातल्या बऱ्याच नामांकित कंपन्यांच्या पिना त्यांच्याकडून जातात.

हा किस्सा सांगायचं कारण असं की, घरच्या हाय-फायचा शौक करणारा माणूस पैसे कशावर घालतो आणि कशावर घालायला हवे, या प्रश्नाचं उत्तर त्या धुळीच्या कणापासून सुरू होतं. आवाजाची साखळी लांब असते. एका टोकाला गाणं आणि ते उचलणारी पिन, दुसऱ्या टोकाला खोली आणि कान. मध्ये अ‍ॅम्प्लिफायर, डॅक (डिजिटल गाण्याचे आकडे विजेच्या लहरींत बदलणारं यंत्र), वायरी आणि चकचकीत डबे. गेली पंचवीस-तीस वर्षं सुरतेत, मुंबईत आणि पुण्यात शौकिनांच्या घरी बसून जे पाहिलं त्यावरून माझं मत झालं आहे की आपण मधल्या कड्यांना तूप-साखर घालतो आणि दोन्ही टोकं उपाशी ठेवतो.

सुरती माणूस खर्चाला घाबरत नाही, हे आधी सांगायला हवं. ‘सुरतनुं जमण’ ही म्हण उगाच पडलेली नाही. लोचो आणि घारीवर जो हात सैल सुटतो तोच यंत्रांवरही सुटतो. वेसू-पिपलोदच्या नव्या फ्लॅटांमध्ये बांधकामाबरोबरच छतात स्पीकर बसवून घेतात. पण गेल्या महिन्यात गाण्यांवर किती खर्च केला असं विचारलं, तर यजमान प्रश्न कळला नसल्यासारखं पाहतात.

आम्ही इथले मराठी लोक याच प्रवाहात, पण जरा काठाकाठाने. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबं आहेत. बहुतेकांना लूमने, म्हणजे यंत्रमागाने, ओढून आणलं. माझे वडीलही अमळनेरकडून असेच आले. घरात पहिलं यंत्र आलं ते एक कॅसेटवाला टेपरेकॉर्डर, आणि त्यावर प्रल्हाद शिंदे, अहिराणी लग्नगीतं आणि लता. हाय-फाय हा शब्द मी पुढे कॉलेजात ऐकला.

त्याआधीच्या पिढीच्या शौकिनांना यंत्र मिळणं हीच कसोटी होती. १९९१ पूर्वी परदेशी सामानावर जकात इतकी होती की सरळ मार्गाने जपानी डेक आणणं सामान्य माणसाच्या कुवतीबाहेर. मग तीन रस्ते उरत. एक, परदेशातला नातेवाईक. इथल्या गुजराती कुटुंबांचे पाय इंग्लंड, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेपर्यंत पसरलेले, रांदेरच्या व्यापाऱ्यांचे रंगूनपर्यंत. त्यामुळे कुणाच्या ना कुणाच्या बॅगेतून काहीतरी येई. दोन, दमणचा किनारा, ज्याबद्दल सगळ्यांना माहीत असे आणि कुणी बोलत नसे. तीन, देशी माल. एचएमव्हीची सुटकेसमधली फिएस्टा, फिलिप्स, कॉस्मिक, आणि १९७० साली कलकत्त्यात सुरू झालेली सोनोडाइन. आज जुन्या सोनोडाइनला हात लावताना लोकांचे डोळे पाणावतात. मला विचाराल तर त्यात बराच वाटा तारुण्याचा आहे, पण स्पीकर खरोखर प्रामाणिक होते.

चौथा रस्ता स्वतः बनवण्याचा, आणि तो सगळ्यांत सुंदर. पहाटेची फ्लाइंग राणी पकडायची, २६३ किलोमीटर पार करून मुंबई सेंट्रलला उतरायचं आणि चालत लॅमिंग्टन रोडला जायचं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलं आहे, पण ट्रान्झिस्टर घेणाऱ्याने ते नाव कधी उच्चारल्याचं मी ऐकलेलं नाही. २एन३०५५ ही तेव्हाची जादूची संख्या. लोखंडी टोपीसारखा तो जाड पॉवर ट्रान्झिस्टर, दोन चॅनलला दोन जोड्या, एक भरभक्कम ट्रान्सफॉर्मर, हीट सिंक आणि ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ मासिकातला सर्किटचा कागद. संध्याकाळी तीच गाडी परत. तिच्या डबल डेकर डब्यात मांडीवर ट्रान्सफॉर्मर घेऊन बसलेली मुलं मी पाहिली आहेत; त्यातला एक मी होतो. ते डबे २०२३ मध्ये काढून टाकले. त्या काळात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने केलेल्या व्हॉल्व्हना आज परदेशातले गिटारवाले शोधत फिरतात, आणि आपण ते रेडिओसकट भंगारात घातले.

आता उलटं झालं आहे. यंत्र एका बोटावर मिळतं. जुनं जपानी सामान तर लाटेसारखं येतं: सत्तर-ऐंशीच्या दशकांतले मरांट्झ, पायोनियर, सॅन्सुईचे अ‍ॅम्प, टेक्निक्सचे टर्नटेबल. याबाबत माझी एक फजिती सांगतो, कारण ती अजून रोज कुणाची तरी होते. जपानमध्ये घरची वीज १०० व्होल्टची. खास तिथल्या बाजारासाठी केलेल्या यंत्राला २३० व्होल्ट दिले तर काय होतं हे मी दीड सेकंदात शिकलो. विकणाऱ्याने ‘चालू कंडिशन’ एवढंच म्हटलं होतं आणि मी मागची पट्टी वाचली नव्हती. खोलीत दोन दिवस जळक्या व्हार्निशचा वास होता.

टर्नटेबलची गंमत वेगळी. जुन्या मॉडेलांच्या मोटरचा वेग विजेच्या आवर्तनाशी बांधलेला असतो. ६० हर्ट्‌झसाठी बनलेली तशी मोटर आपल्या ५० हर्ट्‌झवर लावली की मिनिटाला सव्वातेहतीसच्या जागी पावणेअठ्ठावीस फेरे होतात. स्वर तीन पट्ट्यांनी खाली येतो. काळी पाचमध्ये गाणारी बाई पांढरी पाचला उतरते आणि ऐकणारा म्हणतो, ‘जुन्या रेकॉर्डचा आवाज कसा भारदस्त!’ मी स्वतः हे वाक्य एका सुशिक्षित घरात, चहाचा कप हातात धरून ऐकलेलं आहे.

अ‍ॅम्प्लिफायर हा शौकिनांचा लाडका विषय, म्हणून मी तो थोडक्यात उरकतो. वॅट दुप्पट केले की आवाज तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे जाणवेल न जाणवेल इतका. कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. नव्वदच्या दशकात डब्यांवर ‘१००० वॅट पीएमपीओ’ छापत, तो आकडा जाहिरातखात्याने बसवलेला असे. दहा बाय बाराच्या खोलीत, मध्यम संवेदनशीलतेच्या स्पीकरला तीस-चाळीस खरे वॅट पुरतात. बरा बनवलेला कुठलाही आधुनिक अ‍ॅम्प, मर्यादेत वाजवला तर, दुसऱ्या बऱ्या अ‍ॅम्पपासून वेगळा ओळखणं फार कठीण असतं.

हे लिहिलं की मित्र चिडतात. म्हणून एक प्रयोग सांगतो. २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मेयर आणि मोरान या दोघांचा लेख आला. उच्च प्रतीच्या ध्वनिमुद्रणाचा आवाज थेट ऐकवायचा, आणि मग तोच साध्या सीडीच्या दर्जाला उतरवून ऐकवायचा. कोणता कधी ते सांगायचं नाही. ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरं आली २७६. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. त्याआधी, १९९० च्या दशकात, फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून आणि मग समोर ठेवून लोकांचे गुण घेतले. स्पीकर दिसू लागताच गुण बदलले. आपण डोळ्यांनीही ऐकतो, आणि किमतीच्या चिठ्ठीने तर फारच. पण स्पीकर-स्पीकरमधला फरक मात्र खरा असतो आणि मोठा असतो. तिथे पैसे घालायला माझी हरकत नाही. पुण्याच्या केडन्सने इलेक्ट्रोस्टॅटिक पडद्याचे स्पीकर बनवून जगाच्या बाजारात नेले. असं कसबाचं काम भारतात होऊ शकतं हे शौकिनांनी लक्षात ठेवावं.

वायरींबद्दल एकच. मराठी माणसाला सुरत म्हटलं की १६६४ आणि १६७० आठवतं. महागड्या केबलच्या दुकानात लूट उलट दिशेने होते.

आता खोली. सुरतेतली नवी घरं आवाजाच्या दृष्टीने न्हाणीघरं आहेत. खाली गुळगुळीत टाइल, समोर काचेची सरकती खिडकी, भिंती उघड्या, छताला पीओपी. टाळी वाजवून पाहा. टाळीमागे एक झणझणीत शेपूट ऐकू येईल. ते शेपूट प्रत्येक सुराला चिकटतं. तानपुऱ्याची जवारी ही सगळी बारीक उपस्वरांची नक्षी. अशा खोलीत तिची कढी होते. खालच्या सुरांचं दुखणं निराळं. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्‌झच्या आसपास आवाज फुगतो, दहा फूट रुंदीमुळे ५६ च्या आसपास. उंचीही दहा फूट असेल तर ५६ वर दोघांची बेरीज. मग एखाद्या सुरावर बास अंगावर येतो आणि शेजारच्या सुरावर गायब होतो. माणूस म्हणतो, सबवूफर बदलतो. सबवूफर बदलून खोलीची लांबी बदलत नाही.

इथे आमच्या शहराचा खरा फायदा आहे आणि कुणी घेत नाही. हे कापडाचं गाव आहे. रिंग रोडच्या मार्केटांमधून रोज ट्रकच्या ट्रक कापड बाहेर जातं. जाड पडदे बाकीच्या देशाला ज्या भावात मिळतात त्यापेक्षा खूप कमी भावात इथे हाती लागतात. मात्र साडीचं पातळ पॉलिएस्टर उपयोगाचं नाही. आवाज त्यातून सरळ आरपार जातो. व्यापाऱ्याला जीएसएम विचारा, म्हणजे चौरस मीटरमागे वजन किती ग्रॅम, आणि सगळ्यांत जड मखमल मागा. भिंतीच्या रुंदीच्या दुप्पट कापड घ्या म्हणजे चुण्या भरपूर पडतील, आणि भिंतीपासून वीतभर पुढे लावा. समोरच्या काचेवर एक आणि बसण्याच्या जागेमागे एक एवढे दोन पडदे, जमिनीवर सतरंजी, बाजूला पुस्तकांचं कपाट. वरचे आणि मधले सूर शांत होतात. खालच्या सुरांसाठी कापड निरुपयोगी. तिथे स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढायचा आणि खुर्ची भिंतीला टेकवायची नाही. याला पैसे पडत नाहीत, फक्त घरात वाद होतो. माझ्या एका मित्राने नवा डॅक घेण्याऐवजी मी म्हटलं म्हणून मखमल घेतली. वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, पहिल्यांदाच ह्यांच्या शौकातून घराला काही मिळालं.’

कानाचं बोलायला लोकांना आवडत नाही. लूमच्या शेडमध्ये आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात असतो. कारखाना कायद्याच्या नियमांनी आठ तासांना ९० ही मर्यादा घातली, तज्ज्ञ ८५ च्या वर धोका मानतात. वर्षानुवर्षं तिथे उभं राहिलं की कान पहिल्यांदा जातो तो ४००० हर्ट्‌झच्या आसपास. बोलणं ऐकू येतं, पण स, श, ट, क ही अक्षरं पुसट होतात. माझे वडील टेपरेकॉर्डरचा ट्रेबल शेवटपर्यंत फिरवून ठेवत आणि म्हणत, ‘लता आजकाल स्पष्ट म्हणत न्हाई.’ आम्ही हसायचो. पुढे कळलं की त्या शेडने त्यांच्या कानातला एक तुकडा कापून घेतला होता. आता तो शेडमध्ये न गेलेल्या पोरांच्याही कानातून जातो, नवरात्रातल्या डीजेच्या भिंतीसमोर नऊ रात्री नाचून. पन्नाशीनंतर तर सगळ्यांचेच वरचे सूर ओसरतात. लाख रुपयांचा ट्वीटर घेण्याआधी काही शे रुपयांत होणारी ऑडिओग्राम तपासणी करून घ्यावी, असं मी साठीच्या शौकिनांना सांगतो. आजवर दोघांनी ऐकलं. त्यातल्या एकाने पुढे काही घेतलंच नाही.

आता गाणं विकत घेण्याचा प्रश्न, आणि इथे मला रेंगाळायचं आहे.

आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा धंदा १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात सुरू झाला; गौहर जानचा आवाज त्या पहिल्या आवाजांपैकी. तेव्हापासून १९७० च्या आसपासपर्यंत ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडी चालली: एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. मराठी घरांत ही तबकडी नाट्यसंगीताने भरली. बालगंधर्व आणि अब्दुल करीम खाँ हे एकाच कपाटात एकमेकांना टेकून उभे असत. मग एलपी आली, आणि तिच्याबरोबर राग वीस-बावीस मिनिटं मांडायची मोकळीक आली. एचएमव्हीच्या मुंबई कार्यालयात जी. एन. जोशी हे मराठी गायक रेकॉर्डिंगचे अधिकारी होते. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ त्यांच्याच हाताखाली झाली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवर अहमदाबादकर झालेले ब्रिजभूषण काब्रा. गुजरातेत जुन्या रेकॉर्डचा गठ्ठा निघाला आणि त्यात ही नाही, असं क्वचित होतं.

कॅसेटने सगळं उलथवलं. ऐंशीच्या दशकात गुलशन कुमारांच्या टी-सीरिजने स्वस्त कॅसेट पानटपरीपर्यंत पोचवली. शौकीन नाक मुरडतो, पण खानदेशातल्या लग्नगीतांना, वाघ्या-मुरळीला, अहिराणी विनोदाला पहिल्यांदा विक्रीचं रूप मिळालं ते याच प्लास्टिकच्या डबीमुळे. मोठ्या कंपनीने अहिराणीची एलपी काढली असती असं कुणी समजू नये. त्याच काळाने ‘झंकार बीट्स’ही दिले: रफीच्या सुंदर गाण्यावर ऑक्टोपॅडचा धडाधड लेप. एका पिढीला मूळ गाणं आणि लेप यांतला फरकच कळेनासा झाला. पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊससारख्यांनी मात्र कॅसेटवरच मैफलींची ध्वनिमुद्रणं काढली, आणि सुरतेहून पुण्याला लग्नाला जाणारा माणूस परतताना चितळ्यांच्या बाकरवडीबरोबर ती आणत असे.

सीडी आली, राज्य केलं आणि गेली. २०१६ च्या फेब्रुवारीअखेर काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस बंद झालं, १९४८ पासूनचं दुकान. तिथले विक्रेते ‘तुम्ही मागच्या खेपेला किशोरी घेतली होती, आता केसरबाई ऐका’ असं सांगत. ही सेवा कुठल्या यंत्राने दिलेली नाही. डिजिटल गाणं पैसे देऊन विकत घ्यायला भारतीय माणूस तयार आहे का, याचा प्रयोग फ्लिपकार्टने फ्लाइट नावाने २०१२ च्या फेब्रुवारीत केला आणि २०१३ च्या जूनमध्ये गुंडाळला. पुढे स्ट्रीमिंग आलं, त्याबद्दल बोलण्यासारखं थोडंच आहे: सोयीचं आहे, दर्जा आता पुरेसा आहे, आणि त्यातलं काहीही तुमचं नाही. हक्काचा करार संपला की गाणं रातोरात निघून जातं. तुमच्या आवडीच्या यादीत तेवढी एक करडी ओळ राहते.

आणि या सगळ्या गदारोळात घराघरांत पोचलेलं यंत्र कोणतं? सारेगामाचं कारवाँ. २०१७ मध्ये आलं, आत ५००० गाणी. हाय-फायचा एकही निकष ते पाळत नाही. पण आईला बटण सापडतं. आमच्या धंदेवाईक शौकिनांनी यावर जरा विचार करावा.

हल्ली पुन्हा एलपीची हवा आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये एलपी सीडीपेक्षा जास्त नग विकल्या गेल्या, आणि आपल्याकडेही २०२४ मध्ये मुंबईकडे रेकॉर्ड छापणं पुन्हा सुरू झालं. आनंदाची गोष्ट आहे. पण नवी एलपी घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं की तिच्यातलं ध्वनिमुद्रण बहुधा डिजिटल फायलीवरूनच आलेलं असतं. मोठं पाकीट आणि चित्र यांचे पैसे आपण देतो, आणि तेही वाजवी आहेत, फक्त ‘अ‍ॅनालॉग उबे’च्या नावाने देऊ नयेत. जुन्या एलपींचा बाजार निराळा. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार, अहमदाबादची साबरमतीकाठची रविवारी, आणि सुरतेत भंगारवाल्यांशी ठेवलेली ओळख. सत्तरच्या दशकातल्या हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डना परदेशी गिऱ्हाईक लागल्यापासून त्यांचे भाव चढले. मराठी भावगीतं, नाट्यगीतं, कीर्तनं मात्र अजून उपेक्षित आहेत. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ही चैनच म्हणायची. एक सूचना: विकणाऱ्यांच्या श्रेणीत ‘गुड’ लिहिलं असेल तर ती रेकॉर्ड वाईट समजावी. या धंद्यात चांगलं म्हणजे ‘एक्सलंट’पासून पुढे. आणि रेकॉर्ड जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजच्या, म्हणजे पिन बसवायच्या डबीच्या, प्लेअरवर वाजलेली असेल तर पाच-सहा ग्रॅमच्या ओझ्याने तिची खाच कुरतडलेली असते. आजची बरी पिन दीड-दोन ग्रॅमवर चालते.

पिनेकडे परत यायलाच हवं. लोक टर्नटेबलला लाख घालतात आणि पिन दहा वर्षं बदलत नाहीत. तिचं आयुष्य ५०० ते १००० तासांचं. झिजलेला हिरा म्हणजे छिन्नी, आणि ती प्रत्येक फेरीला तुमचाच संग्रह तासते. ७८ च्या तबकडीला पुन्हा वेगळी, रुंद पिन लागते; एलपीची पिन तिच्या खाचेच्या तळाशी लोळते आणि मग लोक म्हणतात की जुन्या रेकॉर्डला खरखर असायचीच. नासाने १९७७ मध्ये केसरबाई केरकरांची भैरवी व्हॉयेजरवर पाठवली तेव्हा रेकॉर्डबरोबर पिन आणि कार्ट्रिजही ठेवली होती. आपल्याकडे वारसांना रेकॉर्ड मिळतात, पिन मिळत नाही.

वारशाची अशी एक गोष्ट इथल्या प्रत्येक संग्राहकाला माहीत आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सुटलं आणि तापीने शहराचा मोठा भाग बुडवला. तळमजल्यावर संग्रह असलेल्या एका गृहस्थांकडे मी पाणी ओसरल्यावर गेलो होतो. अ‍ॅम्पचे ट्रान्सफॉर्मर चिखलाने भरलेले, स्पीकरचे कागदी कोन लगदा झालेले, कॅसेटींच्या पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या. पाकिटं गेली, लेबलं सुटली. पण एलपी वाचल्या. गाळ न घासता साध्या पाण्याने धुवून, शेवटी डिस्टिल्ड वॉटर फिरवून त्यांनी ओट्यावर ताटांसारख्या उभ्या वाळत घातल्या होत्या. लेबल नसल्याने कोणती कोणती ते वाजवल्याशिवाय कळत नव्हतं. पुढचे सहा महिने त्यांनी रोज संध्याकाळी एकेक लावून ओळखली आणि पेन्सिलीने नाव घातलं. वाया गेलेली यंत्रं त्यांनी वर्षभरात पुन्हा घेतली. त्यांबद्दल ते कधी बोलत नाहीत.

एक गोष्ट कायद्याची. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. म्हणजे ७८ च्या युगातली बहुतेक मुद्रणं त्या अर्थाने आता मोकळी आहेत. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे मोजावे लागतात. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्राहकांना जोडण्याचं, जुन्या मुद्रणांची माहिती नियतकालिकात छापण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. रेकॉर्ड विकत घेणं म्हणजे कपाट भरणं नव्हे, हे तिथे कळतं: कुणी गायलं, कोणत्या साली, कोणत्या क्रमांकावर, हे नोंदवून ठेवलं तर ती वस्तू, नाहीतर नुसती काळी थाळी. सुरतेतल्या मराठी घरांत अशा थाळ्या अजून आहेत. मिलमध्ये किंवा सरकारी नोकरीत आलेल्या जुन्या कुटुंबांच्या माळ्यावर, लोखंडी पेटीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. दर दिवाळीच्या आवराआवरीत त्यातल्या काही भंगारवाल्याच्या तराजूवर चढतात.

तुमच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर एवढं करा. रेकॉर्ड आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. लाखेच्या ७८ वर स्पिरिट लावू नका, लाख त्यात विरघळते. धुळीला मऊ ब्रश, आणि फार तर डिस्टिल्ड वॉटरचा ओलसर बोळा, लेबल कोरडं ठेवून. आणि वजनावर विकण्याआधी लेबलांचे फोटो काढून कुणा जाणकाराला दाखवा.